माशांच्या परांवरचं काळं

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सातवा संपत आला होता. डॉक्टरांनी जिन्याची चढउतार बंद केली होती, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचा सगळा दिवस एकाच जागी जायचा. हॉलमध्ये फिश टँकसमोर वेताची खुर्ची होती, ती तिने आल्या आल्या बळकावली.

टँक तिच्या बाबांचा. ती झाल्यापासून घरात माझ्या नवऱ्याला सगळे बाबाच म्हणतात, मीसुद्धा. भोपाळला कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये असताना बाबांना अंगण होतं, गुलाब होते. निवृत्तीनंतर आम्ही बाग सेवनियात फ्लॅट घेतला आणि अंगण गेलं. महिनाभर ते बाल्कनीत नुसते उभे राहायचे, मग एक दिवस हा टँक घेऊन आले. त्यात तीन गोल्डफिश. एक मोठा, गडद केशरी. एक पांढरा, डोक्यावर लाल ठिपका असलेला. आणि एक छोटा, फिकट सोनेरी, अंगापेक्षा शेपटीच मोठी असलेला.

कारखान्यात आयुष्यभर यंत्रांची मापं घेतलेला माणूस. माशांशीही तो तसाच वागला. दर रविवारी टँकमधलं थोडं पाणी काढायचं. त्याच्या जागी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलेलं नळाचं पाणी ओतायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. "स्पंजमध्ये चांगले जंतू असतात, माशांची घाण तेच खातात," हे ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. मासे ठणठणीत होते. वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, एकही दगावला नाही.

रंगपंचमी होऊन गेली होती. खालच्या रस्त्यावर अजून गुलालाचे डाग होते आणि पलीकडे कसलीतरी पाइपलाइन टाकायला रस्ता खोदून ठेवला होता. सकाळी चहा घेता घेता मुलगी म्हणाली, "बाबा, याला कुणी रंग लावला?"

केशरी माशाच्या शेपटीच्या कडेला काळी रेघ होती. काजळाच्या बोटाने ओढावी तशी, बारीक. छातीकडच्या परांच्या टोकांवरही काळं होतं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "वय झालं की बदलतो रंग," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या भाभी त्या दिवशी मुलीसाठी गुळाचे लाडू घेऊन आल्या. त्या जुन्या भोपाळच्या. तलावापलीकडच्या गल्ल्यांत वाढलेल्या, माझ्यापेक्षा काही वर्षांनी लहान, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. मुलगी आल्यापासून रोज काही ना काही घेऊन वर यायच्या. मासा पाहून त्या खूशच झाल्या.

"अरे वाह दीदी, ये तो अच्छा हुआ। काला हो रहा है मतलब आपकी बिटिया की नजर इसने अपने ऊपर ले ली।"

मुलगी हसली. मीही हसले. पण त्या गेल्यावर मी ओल्या हातांनी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. कुणीतरी अंगावर घ्यावं असं काही येऊ घातलंय का, हा विचार एकदा मनात शिरला की निघत नाही.

त्यानंतर ते वाढतच गेलं. काळी रेघ शेपटीतून वर पाठीकडे सरकली. पांढऱ्या माशाच्या शेपटीत लाल दोरे दिसायला लागले, डोळ्यांत रक्त उतरावं तसे. छोटा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडमिट करत राहायचा. आधी मुलगी त्यांना नावं देऊन हाका मारायची. आता ती गप्प बसून बघायची आणि एक हात पोटावर ठेवलेला असायचा.

बाबांनी ठरवलं, पाणी घाण झालंय. रविवारची वाट न बघता ते एक दिवसाआड पाणी बदलायला लागले. आधी थोडं, मग अर्धं. पाणी अगदी काचेसारखं दिसायचं. खालचे खडे मोजता यावेत इतकं स्वच्छ. आणि त्या स्वच्छ पाण्यात मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, पर मिटून बसायचे.

मी शाळेत गणित शिकवलंय. दोन गोष्टी एकत्र घडत असल्या की मला त्या दिसतात, इच्छा असो नसो.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही पाणी बदललं की त्या संध्याकाळी ते जास्त मलूल दिसतात."

"अगं, घाण काढतोय मी त्यांची."

"काढताय ते ठीक. पण घालताय काय?"

ते चिडले नाहीत, त्यामुळे मला जास्तच धडकी भरली. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि फोन उचलला.

माझी नणंद आनंद नगरला राहते. तिचे यजमान, आमचे भाऊजी, बाबांच्याच कारखान्यात प्रयोगशाळेत होते आणि मासे पाळायचा नाद बाबांना त्यांच्याकडूनच लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्कूटरवरून आले. सोबत एक छोटा खोका. त्यात काचेच्या नळ्या, थेंब टाकायच्या बाटल्या आणि रंगांच्या चौकटी छापलेलं एक कार्ड. पाण्यात अमोनिया आहे का ते बघायचं. नसेल तर पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवं होतं. जितका जास्त तितकं गडद हिरवं.

टँकमधलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं आणि डायनिंग टेबलावर उभं केलं. आम्ही चौघं त्या नळीकडे बघत बसलो. आधी पिवळं होतं. मग कडेने पोपटी झालं. मग हिरवं.

"झालं, फिल्टर बसलाय," बाबा म्हणाले. "जंतू मेले असणार."

"नळाचं पण बघा ना," मी म्हटलं.

भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं. ते हिरवं व्हायला वेळच लागला नाही. टँकच्या नळीशेजारी ठेवलं तेव्हा टँकचं पाणी फिकट वाटायला लागलं.

खाली रस्ता खोदणाऱ्या यंत्राचा आवाज तेवढा येत होता.

"जंतू जिवंत आहेत," शेवटी भाऊजी म्हणाले. "टँकमध्ये गेल्यावर ते थोडं तरी खाताहेत. तू बादल्या भरभरून त्यांना विष पाजतोयस."

मग फिल्टर मशीनमधून येणारं प्यायचं पाणी तपासलं. ते पिवळं राहिलं. बाबांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे पिण्याचं ठीक आहे. आपण तेच पितो."

मुलगी खुर्चीतून वळली. "बाबा, मी दात याच नळावर घासते. चूळ याच पाण्याने भरते. आई काकडी याच्यात धुते, कोथिंबीर याच्यात धुते."

मला तिच्याकडे बघवेना. मी भाऊजींना विचारलं, अमोनिया नळात येतो कुठून. बोअरच्या पाण्यात कधीकधी असतो, म्हणाले. पण दोन वर्षं नव्हता आणि आता आला, तर बहुतेक मैला मिसळतोय. आमच्या कॉलनीत पालिकेचं नर्मदेचं पाणी आणि बोअरचं पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतं आणि तिथून वर चढतं. त्या टाकीपासून सेप्टिक टँक हाकेच्या अंतरावर आहे. आणि मध्ये रस्ता खोदलेला.

"आणि हे काळं?" मुलीने विचारलं. "हे विष चढलंय का?"

"नाही गं. अमोनियाने कातडी भाजते. भाजलेली जागा भरायला लागली की तिथे काळं येतं. एका अर्थी बरं होण्याची खूण आहे ती." भाऊजींनी तिला धीर द्यायला हे सांगितलं होतं. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं. "म्हणजे काळं दिसतं तेव्हा भाजून झालेलं असतं."

रंगपंचमीनंतर काळं दिसलं. म्हणजे पाणी त्याच्याही आधीपासून बिघडलेलं होतं. मुलगी तेव्हा येऊन काही दिवस झाले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही तिला नणंदेकडे हलवलं. ती आधी ऐकेना. "माशांचा रंग बदलला म्हणून मी घर सोडू?" पण बोलता बोलता बॅग तिनेच भरायला घेतली. तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "हलवलंत ते बरं केलंत. या दिवसांत कावीळ झाली तर फार वाईट असते. आत्ता काही करण्यासारखं नाही. पाणी उकळून द्या आणि डोळे, लघवी, भूक यांच्यावर लक्ष ठेवा. कावीळ लगेच दिसत नाही, काही आठवडे जावे लागतील."

काही आठवडे म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉलनीच्या समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. बाबांनी सगळं नीट समजावून सांगितलं, नळीतला हिरवा रंग दाखवला. अध्यक्ष सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला. मग हसले.

"भाई साहब, मछली के लिए पूरी कॉलोनी की टंकी खाली करवा दूँ? गर्मी सिर पर है। टँकर कहाँ से लाऊँगा?"

"मछली के लिए नहीं," बाबा म्हणाले. "आपके लिए।"

अध्यक्षांनी नळाचं पाणी ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलं. पाणी स्वच्छ होतं, कसलाही वास नव्हता. त्यांनी ते आमच्यासमोर पिऊन टाकलं आणि ग्लास पालथा घातला. त्यांना काहीही झालं नाही, हेही सांगायला हवं. आजही ते रोज सकाळी फिरायला जाताना दिसतात.

मग मी आमच्या इमारतीत घरोघरी गेले. काहींनी ऐकलं, काहींनी मान डोलावली. खालच्या भाभींकडे मी सगळ्यात जास्त वेळ बसले, कारण त्यांच्याकडे फिल्टर मशीन नव्हतं. मशीनचं पाणी त्यांना बेचव लागायचं. त्या मातीच्या मडक्यात नळाचंच पाणी भरून ठेवायच्या.

"उबालकर पीजिए भाभी, थोड़े दिन।"

त्यांनी माझा हात हातात घेतला. "दीदी, आप घबराई हुई हैं, बिटिया पेट से है। लेकिन हमारी फिकर मत कीजिए। हम तो हवा से बचे हुए लोग हैं। पानी हमारा क्या कर लेगा?"

असं त्या पहिल्यांदाच बोलल्या. लहानपणी त्या कुठल्या वस्तीत राहायच्या ते मला ठाऊक होतं, पण गॅसच्या त्या रात्रीविषयी त्या कधी बोलत नसत. जिना चढताना धाप लागायची, तेवढंच. मी उठले. निघताना त्यांनी मुलीसाठी डबा दिला. रस्त्यात मी तो उघडला नाही, आनंद नगरला जाऊन कचऱ्यात रिकामा केला आणि डबा गरम पाण्याने धुतला. त्यात मेथीची भाजी होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे, कारण त्यांत काही घडलंच नाही. मी रोज बसने आनंद नगरला जायचे. मुलीला खिडकीपाशी बोलवायचे, उजेडात तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे. ती चिडायची. "आई, मी काय तुझा मासा आहे?" एका दुपारी तिने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं, भूक नाही म्हणाली, आणि मी तिला पुन्हा खिडकीपाशी नेऊन डोळे पाहिले. उन्हाने झालं होतं. संध्याकाळी तिने दोन वेळा भात मागून घेतला. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

घरी बाबा आता माशांना विकतच्या जारचं पाणी देत होते. मी म्हटलं, लोकांना कळलं तर हसतील. ते म्हणाले, हसू देत. छोटा मेला. दोघं जगले. केशरी मासा तोवर डोक्यापासून शेपटीपर्यंत कोळशासारखा झाला होता, पोटाखाली तेवढी केशरी पट्टी उरली होती. तो आता पोहत होता, खात होता. बरा होत होता आणि दिसायला दिवसेंदिवस भयंकर होत होता.

एका सकाळी मी जिना उतरत होते आणि भाभी दारात उभ्या होत्या. पूर्वेचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं. त्या काहीतरी विचारत होत्या, मुलीची तब्येत कशी आहे वगैरे. मला ऐकूच येईना. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"भाभी, कब से है ये?"

"क्या?"

त्यांना माहीतच नव्हतं. थकवा होता, उलटीसारखं व्हायचं, तर उन्हाळा म्हणून त्या लिंबाचं सरबत पीत होत्या. त्याच मडक्यातल्या पाण्याचं.

त्यांच्या नवऱ्याने त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. त्यांना साखरेचा आजार होता, लिव्हर आधीच कमकुवत होतं, हे आम्हाला तिथे कळलं. पहिले काही दिवस त्या पलंगावरून नर्सेसना दमात घ्यायच्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "नाम सोचा?" मी म्हटलं, अजून नाही. मग त्यांचं बोलणं तुटक होत गेलं, मग त्या माणसं ओळखेनात. वैशाखाच्या ऐन उन्हात त्या गेल्या. मोठ्या आवाजाची बाई शेवटी एक शब्दही न बोलता गेली.

तोवर आमच्या मागच्या इमारतीत दोन मुलांना कावीळ झाली होती. ती दोन्ही बरी झाली. पण मग मात्र टँकरही आला आणि जमिनीखालची टाकी रिकामीही झाली. बाबा आणि भाऊजी बघायला उभे राहिले, मी बाल्कनीतून पाहत होते. बाबांनी नंतर सांगितलं, टाकीच्या एका भिंतीवर, सेप्टिक टँकच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत काळपट ओल होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. फार नाही. कपाळावरून घाम निथळावा तेवढं. बघायला जमलेली माणसं एकेक करून तोंडावर रुमाल धरून मागे सरकली. अध्यक्षांनी बाबांचा खांदा धरला.

मुलीचं रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. काही निघालं नाही. ठरल्या तारखेच्या थोडं आधीच तिला मुलगी झाली, छान रडणारी, गुटगुटीत. जन्मल्यावर बाळ जरा पिवळं होतं. सगळीच बाळं होतात, डॉक्टर म्हणाल्या, निळ्या दिव्याखाली ठेवलं की जातं. गेलंही. पण त्या निळ्या दिव्याच्या काचेबाहेर मी कशी उभी होते ते मला आठवत नाही. नणंद सांगते की मी तिचा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

बाळाला घेऊन मुलगी आनंद नगरहून थेट पुण्याला सासरी गेली. आमच्या घरी ती आलीच नाही.

ती गेल्यानंतर एका दुपारी भाभींचे पती वर आले. उंच, शांत माणूस, कधी फार बोलायचे नाहीत. बसा म्हटलं तर बसले नाहीत. टँकसमोर जाऊन उभे राहिले.

"ये वही है?"

"जी," बाबा म्हणाले.

"काला कब हुआ था?"

बाबांनी सांगितलं, होळीनंतर, रंगपंचमीच्या सुमाराला. ते मनाशी काहीतरी जुळवत राहिले. ओठ हलत होते. मी तेव्हा भाभींना सांगायला गेले होते, हे मला म्हणायचं होतं, पण ते त्यांना माहीत होतं, त्या दिवशी दारात तेच उभे होते. शेवटी त्यांनी मान हलवली, जसं काही एखादा हिशोब बरोबर आला आणि तो यायला नको होता. "पानी तो साफ था, भाई साहब," ते म्हणाले. "मैं खुद भरता था।" आणि जिना उतरून गेले. खालचं दार लागल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

टाकीची भिंत नव्याने बांधली. सेप्टिक टँक बुजवला, सांडपाण्याची नवी लाइन जोडली, रस्ता डांबरी झाला. बाबा दर आठवड्याला नळाचं पाणी तपासतात आणि ते पिवळं राहतं. पिवळं राहिलं की मला सांगतात. मी बरं म्हणते. केशरी माशाचं काळं उतरत उतरत गेलं, आता कल्ल्याजवळ थोडंसं उरलंय. पांढऱ्याचे लाल दोरेही विरले. येणारे पाहुणे म्हणतात, किती छान मासे आहेत.

नात आता धरून उभी राहते. मुलगी व्हिडिओ कॉलवर तिला दाखवते, आणि परवा म्हणाली, "आई, उन्हाळ्यात येऊ का? एकदा तरी आपल्या घरी आणायचंय तिला."

बाबा शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही हिरवं झालेलं नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे.

"अगं, इकडे ऊन फार असतं," मी म्हटलं. "आम्हीच येतो तिकडे."

तिने बाळाला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "बरं."